टॉवेलखालचं माप

सोलापूर जिल्ह्यातला कुठलाही काटा माझ्यापुढे फार वेळ खोटं बोलू शकत नाही. ही फुशारकी वाटत असेल तर वाटू दे. मी वैधमापन निरीक्षक आहे. भाजीवालीचा बोलका काटा, सोनाराचा काचेच्या पेटीतला काटा, गाड्यांना वीज विकणारे पंप, या सगळ्यांवर माझा शिक्का लागतो, आणि तो लागायच्या आधी मी प्रत्येकाकडे चोराकडे बघावं तसंच बघते. घरीही ही सवय सुटत नाही. दूध उतू गेलं असं सिद्धाराम म्हणाला, तर मी आधी ओट्याकडे बघते आणि मग त्याच्या मिशीकडे. नवरा असला म्हणून काय झालं.

पण साऱ्या जिल्ह्याची मापं तपासणाऱ्या या बाईचं स्वतःचं माप चाळिशी उलटली तरी कुणाला घेता आलं नव्हतं. मी ब्राबद्दल बोलतेय.

माझी छाती वयात आल्यापासून भरलेली. दुकानात काउंटरमागे पुरुष. तो एकदा वर बघणार, लगेच खाली बघणार आणि ‘अडतीस बसेल ताई’ म्हणून खोकं पुढे सरकवणार. टेप काढायचा प्रश्नच नाही. घालून बघायला जागा नाही, परत घ्यायची सोय नाही. अडतीसचा पट्टा बसला तर कप अपुरा पडायचा आणि चारी बाजूंनी अंग बाहेर यायचं. बेचाळीस घेतली तर कप पुरायचा, पण पट्टा पाठीवरून मानेकडे चढायचा. म्हणजे सगळा भार खांद्यांवर. वास्तविक भार पेलायचा तो खालच्या पट्ट्यानं, खांद्यांनी नव्हे. हे मला तराजूची दांडी शिकताना कळलं होतं, पण दुकानदाराला ते समजावणार कसं? ‘पट्टा लहान आणि कप मोठा दाखवा’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘तसला माल हितं खपत न्हाई मॅडम.’ जणू सोलापुरात भरल्या अंगाची मी एकटीच राहत होते.

खांद्यांना खाचा पडल्या होत्या. बाहेर धावपळीचं काम असलं की एकावर एक दोन ब्रा घालायची आणि वर फाइल छातीशी धरायची. आई म्हणायची, जरा पोक काढून चाल, म्हणजे दिसत नाही. तशी चालले. मग मान धरली, पाठ धरली, आणि पाठीच्या डॉक्टरनं वजन कमी करा म्हणून सांगितलं. वजनाबद्दल मला सांगतो.

अशात अक्का ऊर्णिका नावाची नवी ब्रा घेऊन आल्या.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, महानंदा बिराजदार. त्यांनी लग्न केलं नाही. विमा कंपनीतली चांगली नोकरी सोडून ऊर्णिकाची एजन्सी घेतली, तेव्हा घरात सगळ्यांना आश्चर्य वाटलं आणि मला संशय आला. विमा काय किंवा हे काय, आधी माणसाला घाबरवायचं आणि मग विकायचं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या सासूबाई स्तनाच्या कॅन्सरनं गेल्या. गाठ हाताला लागली तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी तेव्हा या घरात आले नव्हते. त्यांची सगळी उस्तवार अक्कांनी केली. आईचं हे दुखणं लेकीकडे येऊ शकतं, असं डॉक्टरनं त्यांना तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

‘दार लाव आणि घाल,’ अक्का म्हणाल्या. त्यांच्या हातात एक फिकट बदामी, अगदी साधी ब्रा होती. तार नाही, लेस नाही. ‘आता खोलीत फीर. वाक. उड्या मार. शिंक.’

‘मुद्दाम शिंक कशी येईल?’

‘नाटक कर की.’

मी फिरले, वाकले, खोटं शिंकले. सुरुवातीला ते नुसतं सैल कापड होतं. हळूहळू खालचा पट्टा बरगड्यांवर जागा धरून बसला, कप भरून आले, आणि खांद्यांवरचा भार निघून गेला. हमालानं पाठीवरचं पोतं उतरवावं तसं झालं मला. मी जिना धावत उतरले आणि धावत चढले, छातीशी काहीही न धरता. वर आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. इतकी वर्षं मी हे उगाच सोसलं, असं वाटून आलेलं ते पाणी होतं.

तो धागा मोठा हुशार. त्याच्यातले रेणू ताण आला की वळतात आणि वळलेलेच राहतात. वळलेला धागा आखूड आणि कडक होतो. त्यामुळे जिथे भार पडेल तिथलं कापड आपोआप घट्ट होतं आणि बाकीचं मऊ राहतं. दुकानदाराच्या नजरेची गरज नाही, अडतीस-चाळीसचीही नाही. शिवाय त्या विणीत केसाहून बारीक कार्बनचे तंतू असतात. कुठला धागा किती ताणला गेला, हे ते पावलोपावली मोजत राहतात.

‘हे मोजलेलं जातं कुठं?’ मी विचारलं.

अक्का हसल्या. ‘वाटच बघत होते, अजून संशय कसा आला न्हाई म्हणून. कंपनीकडं जातंय. चालताना दोन्ही बाजू कशा हलतात ते महिनोन्‌महिने बघत राहतंय. आत गाठ धरली की तेवढ्या जागेचं हलणं बदलतंय. कलिंगड थापटून बघतो का न्हाई आपण, तसं. फरक दिसला की सांगतंय, जाऊन तपासून घे म्हणून. आईच्या वेळंला हे असतं तर…’

मी तीन-चार ब्रा घेतल्या आणि संशय तसाच ठेवला.

पुढचा उन्हाळा लागला, म्हणजे फेब्रुवारी उजाडला. मार्केट यार्डात कांद्याचा काटा तपासत होते, तेवढ्यात माझ्या चष्म्याच्या काचेवर अक्षरं उमटली. ‘डाव्या बाजूच्या हालचालीत सातत्याने बदल आढळत आहे. घाबरू नका. तपासणी करून घ्या.’

घाबरू नका म्हटल्यावर माणूस घाबरणारच. मी हातातलं वजन खाली ठेवलं. भिंतीवरचा सासूबाईंचा फोटो डोळ्यांपुढे आला. मग खालची ओळ दिसली. शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलचं नाव, आणि ऊर्णिकाच्या ग्राहकांना तपासणीत खास सवलत. माझी भीती अर्ध्यावर आली आणि उरलेल्या जागेत राग भरला.

तरी तपासणी केलीच. सवलतवाल्या हॉस्पिटलात नव्हे, दुसरीकडे. काही निघालं नाही. सोनोग्राफी करणारी डॉक्टर हात पुसत म्हणाली, ‘हल्ली ऊर्णिकावाल्या लई यायला लागल्यात. बहुतेकींची डावी बाजू. अजून एकीचंही काही निघालं नाही बघा.’

बहुतेकींची डावी बाजू. बाजारातले सगळे काटे एकाच बाजूला झुकायला लागले, की निरीक्षकानं काय समजायचं ते समजावं. मी समजले.

त्या रविवारी अक्का घरी आल्या होत्या, अप्पांना भेटायला. अप्पा म्हणजे माझे सासरे. आम्ही दोघी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसलो होतो.

‘अक्का, त्या हॉस्पिटलकडनं तुमच्या कंपनीला काय मिळतं?’

त्यांचा हात थांबला. ‘म्हणजे?’

‘बायकांना घाबरवायचं आणि तिकडं पाठवायचं. सरळ धंदा दिसतोय.’

‘आणि मी त्यात हाय, असं म्हणायचंय तुला?’

‘तुम्हाला ठाऊक नसेल. वापरत असतील तुम्हाला.’

‘शैला,’ अक्का म्हणाल्या, ‘आईला घाबरवायला कुणी नव्हतं. म्हणून गेली ती.’ त्यांनी सोललेले दाणे परातीत टाकले. मग खाली बघतच म्हणाल्या, ‘मलाबी आलाय तो इशारा. मागच्या आठवड्यात.’

‘मग? तपासून आलात?’

‘न्हाई. पाय उचलंना.’ मग त्यांनी विचारलं, ‘खोटाच असंल का गं तो?’

त्यांच्या आवाजात विनवणी होती. मला त्या वेळी ती ऐकू आली नाही, माझ्या डोळ्यांपुढे माझी केस उभी राहत होती. ‘खोटाच आहे. सगळ्यांचे खोटे आहेत. मी सिद्ध करून दाखवते.’

‘खात्रीनं सांगतीस?’

‘अक्का, माझं कामच ते आहे.’

अक्कांनी मान हलवली आणि पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. जाताना त्या सिद्धारामशी नेहमीपेक्षा जास्त हसून-खेळून बोलल्या. मला तेही संशयास्पद वाटलं.

अंगावर घालून अंगाची मोजमापं घेणारी यंत्रं नव्या कायद्यानं आमच्या खात्याकडे आली होती. आतापर्यंत त्यात नाडी मोजणारी कडी आणि साखर मोजणाऱ्या चकत्या एवढंच होतं. मी ऊर्णिकाची फाइल उघडली, तेव्हा आमचे उपनियंत्रक म्हमाणेसाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘गरज आहेच का?’ आहे म्हटलं. ओळखीच्या बायकांकडून वापरातल्या ऊर्णिका मागवल्या. त्यांनी त्या वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून आणून दिल्या, आणि टेबलावर ठेवताना प्रत्येकीनं आवाज खाली घेतला.

कापडाच्या दुकानातून बाईचा एक पुतळा मागून आणला. त्याच्या छातीशी वाळूच्या दोन पिशव्या बांधल्या, प्रमाण वजनांनी तोलून अगदी सारख्या. पुतळा चालल्यासारखा हलावा म्हणून खाली मोटर लावली. एकेक ऊर्णिका त्याला चढवत गेले, आणि जवळजवळ प्रत्येकीनं तेच सांगितलं, की डाव्या बाजूला बदल आहे, तपासणी करून घ्या.

मला हवं ते हाती लागलं होतं. पण एक गोष्ट टोचत होती. कंपनीनं लबाडीच करायची ठरवली असती, तर ती पैसेवाल्या बायका हेरून केली असती. वाळूच्या पिशवीला कॅन्सरचा इशारा देऊन तिला काय मिळणार होतं?

दुसऱ्या फेरीआधी यंत्र स्वच्छ करावं असा आमचा नियम आहे. म्हणून मी त्या सगळ्या ब्रा ऑफिसच्या मोरीत धुतल्या आणि अंगणातल्या तारेवर टाकल्या. सोलापूरच्या उन्हात त्या उघड्या वाळत पडल्या, आणि आमचं सगळं पुरुष खातं दुपारभर मागच्या दारानं ये-जा करत राहिलं. वाळल्यावर पुन्हा पुतळ्याला चढवल्या. या खेपेला एकीनंही तक्रार केली नाही. डावं-उजवं सारखं, काटा शून्यावर.

मी ऊर्णिकाच्या मुख्य अभियंत्याला पुण्याला फोन लावला. दामले नावाचा तरुण होता, बोलायला सरळ.

‘बरोबर आहे मॅडम,’ तो म्हणाला. ‘धागा वळलेला राहतो, पण तो दिवसभरापुरता. उन्हातले अतिनील किरण पडले की रेणू पुन्हा सरळ होतात. रोज वाळताना कापड कालचं सगळं विसरतं. बॅटरी नको, बटण नको. आपल्याकडे ऊन फुकट आहे, म्हणून तर हे डिझाइन केलं.’

‘आणि ऊन लागलंच नाही तर?’

‘तर कालचा ताण आजच्या ताणात मिसळतो. डाव्या खांद्याला पर्स, डाव्या कडेवर मूल, ते सगळं साठत जातं. फिटिंगमध्ये फार फरक जाणवत नाही, पण मोजणी चुकते. यंत्राला वाटतं की आत काहीतरी बदललंय. पण ऊन लागणारच ना? कपडे बाहेरच वाळतात.’

‘दामले, तुमच्या आईच्या ब्रा घरात कुठे वाळत असतात?’

‘मी… म्हणजे, मला कधी दिसल्या नाहीत.’

‘तेच म्हणतेय मी.’

आमच्या घरी गॅलरीत अप्पा पेपर वाचत बसतात. म्हणून मी आधी ब्रा तारेवर टाकते, तिच्यावर टॉवेल, आणि टॉवेल उडू नये म्हणून त्याला चिमटे. हे मला कुणी शिकवलं नाही. आईची तार बघून आलं, तिला तिच्या आईची बघून आलं असणार. आमचे सोलापुरी टॉवेल चांगले जाड. वारा आत शिरेल, ऊन नाही. त्या संध्याकाळी मी मुद्दाम पायी घरी आले आणि वर बघत आले. प्रत्येक गॅलरीत टॉवेल होते. कुठे ओढणी, कुठे साडीची घडी. या शहरातल्या सगळ्या ऊर्णिका अंधारात वाळत होत्या. कुणी चोर नव्हतं. पुण्यातल्या हुशार पोरांनी सगळा हिशेब केला होता, फक्त लाजेचा केला नव्हता.

मला खरं तर थोडं वाईट वाटायला हवं होतं. पण खोटं माप ते खोटंच, चोरानं दिलं काय आणि सज्जनानं दिलं काय.

मी कंपनीला नोटीस काढली. सुनावणीला दामले स्वतः आला. ‘आम्ही उन्हात वाळवायची सूचना मोठ्या अक्षरात देतो,’ तो म्हणाला.

‘आणि बायका ऐकतील? सासरा गॅलरीत बसलेला असताना?’

‘पण मॅडम, सगळेच इशारे रद्द करू नका. ज्या उघड्यावर वाळवतात, त्यांची मोजणी अचूक आहे. त्यांचे इशारे खरे असू शकतात.’

‘सोलापुरात अशी एक बाई दाखवा मला.’

त्याला दाखवता आली नाही. साक्षीला आलेल्या बायका हसल्या. मीही हसले. आदेश निघाला की ऊर्णिकानं इशारे बंद करावेत आणि आधी दिलेले सगळे इशारे रद्द समजावेत, असं प्रत्येक ग्राहकाला कळवावं. कंपनीनं कळवलं.

माझं नाव पेपरात आलं. महिला मंडळानं शाल दिली. बायका रस्त्यात थांबवून म्हणायच्या, बाई, रात्रीची झोप परत दिलीत. ऊर्णिका त्या वापरत राहिल्याच, मीही वापरत राहिले, कारण तशी बसणारी दुसरी होती कुठे? आणि गंमत अशी, की आदेशावर सही करून घरी आले त्या दिवशीसुद्धा मी ती धुतली आणि टॉवेलखालीच वाळत घातली. अप्पा गॅलरीत होते.

अक्कांच्या धंद्याला मात्र फटका बसला. ऊर्णिकाची एजंट म्हटलं की बायका हसायला लागल्या. ‘अक्काचा तरी विचार करायचा होतास,’ सिद्धाराम एकदा म्हणाला.

‘खोट्या काट्याच्या मालकाचा विचार मी कधी केलाय?’

‘ती मालक नव्हती, शैला. तिचा विश्वास होता त्याच्यावर.’

अक्का घरी येईनाशा झाल्या. मीच एकदा फोन केला, तर म्हणाल्या, ‘बरं झालं बाई, तू खोटं ठरवलंस. जिवाला घोर होता.’ मी तो टोमणा समजले आणि रागानं फोन ठेवला.

हुरड्याचे दिवस आले तेव्हा अप्पांनी विषय काढला. ‘महानंदा लई दिवसांत आली न्हाई. जा, बघून ये तिला. हुरडा घेऊन जा.’ अप्पांचा शब्द मोडता येत नाही. मी हुरडा घेतला, शेंगाचटणीचा डबा घेतला आणि बिनचालकाच्या रिक्षात बसले. वाटेत समेटाची दोन-तीन वाक्यं तयार केली. माफी त्यात नव्हती. माफी मागण्यासारखं मी काही केलं आहे, असं मला वाटतच नव्हतं.

अक्का होटगी रोडच्या एका इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात. आम्ही त्यांच्याकडे फारसं जात नाही, त्याच आमच्याकडे यायच्या. त्या गाऊनवर होत्या. जरा उतरल्यासारख्या दिसल्या, पण हसल्या.

‘ये. चहा टाकते. तेवढ्या गच्चीतल्या मिरच्या आत आण, कबुतरं उधळतात.’

स्वयंपाकघराला लागून गच्ची होती. मी दार उघडून बाहेर गेले. ऊन डोळ्यांवर आलं. खाली चादरीवर मिरच्या होत्या, वर तार होती आणि तारेवर अक्कांच्या ऊर्णिका वाळत होत्या. भर उन्हात, उघड्या. वर टॉवेल नाही, ओढणी नाही, काही नाही.

मी मिरच्या विसरले.

‘अक्का, या रोज अशाच वाळत घालता?’

‘मग कशा घालू?’ त्या आतून म्हणाल्या. ‘हितं कोण हाय बघायला? घारी तेवढ्या.’

‘पहिल्यापासून?’

‘हितं राहायला आल्यापासनं. का गं?’

सोलापुरात अशी एक बाई दाखवा, असं मी भर सुनावणीत म्हटलं होतं. ती माझ्या घरातली होती. तिचा धागा रोज संध्याकाळी शून्यावर येत होता. म्हणजे फेब्रुवारीत तिला आलेला इशारा पर्सचा नव्हता, कडेवरच्या मुलाचा नव्हता. तो मी न तपासता खोटा ठरवला होता, माझ्याच स्वयंपाकघरात शेंगा सोलता सोलता. आणि आता जानेवारी होता.

मी आत गेले. रिक्षात तयार केलेल्या वाक्यांतलं एकही उपयोगाचं नव्हतं. ‘अक्का, गॅस बंद करा,’ म्हणाले आणि सगळं सांगितलं. दामले काय म्हणाला ते, त्याला मी काय म्हणाले ते, उन्हाचं, टॉवेलचं. ‘बाकीच्यांचे इशारे खोटे होते. तुमचा खरा असू शकतो.’

अक्का ओट्याला टेकून ऐकत होत्या. चहा अर्धवट उकळून थांबला होता.

‘तू म्हणलीस खोटा हाय,’ त्या म्हणाल्या.

‘म्हणाले. न तपासता म्हणाले.’

‘उभ्या जन्मात तुझं मी एकदाच ऐकलं शैला. तू माझ्या धंद्याला नावं ठेवलीस, मनावर घेतलं न्हाई. पेपरात नाव आलं तुझं, बायका हसल्या मला, तेबी सोडून दिलं. का, तर त्या दिवशी तू खोटा हाय म्हणलीस, आणि मी घरी येऊन पोटभर जेवले. आईचा फोटो बघून रडू आलं न्हाई, असा पहिलाच दिवस होता तो. आता तेवढंबी परत मागायला आलीस?’

त्यांनी चहाचं भांडं बाजूला सारलं.

‘आणि आता तरी तुझ्यावर कशावरनं विश्वास ठेवू? परवा आणिक काहीतरी म्हणशील.’

‘ठेवू नका,’ मी म्हणाले. ‘माझ्यावर नको, त्या कापडावर नको, कंपनीवर नको. तपासून घ्या. मी सगळ्या दुनियेला एवढंच सांगत आलेय. तुमच्यापुढे तेवढंच विसरले.’

अक्कांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता दाराकडे नेतात. त्यांनी माझा हात गाऊनवरून आपल्या डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली टेकवला आणि वरून आपल्या हातानं दाबून धरला.

‘दिवाळीपासनं लागतंय हाताला,’ त्या म्हणाल्या. ‘मी म्हणलं, शैलानं खोटं ठरवलंय. असंल काहीतरी.’

माझ्या बोटांखाली ते होतं. चिंचोक्याएवढं, कठीण, दाबलं तरी बाजूला न सरकणारं. मी बोटं हलवून पुन्हा बघितलं, वरून, खालून, दोन काटे ताडून बघावेत तसं दुसऱ्या बाजूलाही बघितलं. दुसऱ्या बाजूला काही नव्हतं. मी परत पहिल्या जागी आले, आणि ते तिथेच होतं.

अक्का माझा चेहरा वाचत होत्या.

‘बोल की आता,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘खोटं हाय म्हण.’

मला म्हणायचं होतं. इतकी वर्षं काटे तपासले, पण एखाद्याला खोटं माप द्यावं असं जीव तोडून वाटलं ते तेव्हाच. त्या म्हणाल्या असत्या, बरं, आणि आम्ही दोघींनी चहा घेतला असता.

‘अक्का,’ मी म्हणाले, ‘चप्पल घाला.’